पैशाचं सासर

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी सानगडीत कोणी धड जागं नसतं आणि धड झोपलेलंही नसतं. रात्रभर नाटक पाहून आलेली माणसं सकाळी चहाचा कप हातात धरून बसतात आणि हा कप आपल्याला कोणी दिला ते आठवत राहतात. अशा दिवशी महत्त्वाचं काही ठरवू नये, हे कापगत्यांच्या घरात सर्वांना पटलेलं होतं. तरी त्या घरातलं महत्त्वाचं सगळं मंडईच्या दुसऱ्या दिवशीच ठरत आलं होतं. योगेंद्रचं लग्न असंच ठरलं. विहीर चुकीच्या जागी खोदायचंही असंच ठरलं.

त्या गुरुवारी सेवकराम अंगणात बाजेवर बसला होता. नाटकात दुसऱ्या अंकात मेलेला जमीनदार पहाटे पानठेल्यावर तंबाखू मळताना दिसला, तेव्हापासून त्याला कोणत्याच गोष्टीची फारशी खात्री वाटत नव्हती. अंगणाबाहेर तलावाचं पाणी दिसत होतं. पाण्यावर एक बगळा एका पायावर उभा होता आणि दुसरा पाय कुठे ठेवला ते बहुधा तोही विसरला होता.

प्रश्न एकच होता. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या पट्टीचा मोबदला सेवकरामच्या खात्यात आला होता, आणि त्यातले चार लाख साठ हजार त्याला आपल्या बहिणीला, बेबीबाईला द्यायचे होते. एकोणीस वर्षांपूर्वी बेबीबाईनं साकोलीच्या कचेरीत बापाच्या जमिनीच्या हक्कसोडावर सही केली, बाहेर येऊन भावासोबत भजी खाल्ली, आणि त्यानंतर माहेरी ती लग्नाला आणि मयतीला तेवढी आली. आली की दाराजवळ बसायची, उठून जायला सोपं पडेल अशी. एकोणीस वर्षं सेवकरामला ती दाराजवळची जागा दिसत आली होती. हे पैसे तिच्याच हातात पडावेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बाकीच्यांचं म्हणणं बरंच होतं.

"मामा, हे पाहा," मनिष म्हणाला. मनिष म्हणजे बेबीबाईचा मुलगा. मंडईसाठी तो लाखांदूरहून आला होता आणि मामेभावासोबत रात्रभर नाटक पाहूनही त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. "पासबुकाचा फोटो. खाते नंबर आहे, आयएफएससी कोड आहे, सब बरोबर आहे. योगेंद्रदादानं बटन दाबलं की इकडं चहा संपायच्या आत तिकडं जमा."

"दाबतो ना," सेवकरामचा मुलगा योगेंद्र डोळे मिटूनच म्हणाला. मनिष आणि तो मिळून हार्वेस्टर घेणार होते. हे दोघांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे घरात सर्वांना माहीत होतं.

योगेंद्रच्या बायकोनं, रीतानं, फोटो बोटांनी मोठा केला. ती बी.कॉम. होती आणि गावातल्या दोन बचत गटांचे हिशेब तिच्याकडे होते. "भाऊजी, इथं पहिलं नाव तुमचं आहे. आत्याजी दुसऱ्या नंबरवर आहेत."

"खात्यात दुसऱ्या नंबरवर," मनिष म्हणाला. "मनात पहिली आहे."

"मनाचा कोड कोणता टाकायचा?"

मनिष हसला. तो चांगला मुलगा होता, आणि तीच अडचण होती. वाईट असता तर सेवकरामनं चहाच्या आधीच निकाल लावला असता.

"मी सांगून राहिली तिकडं कोणाचं ध्यान नाही," सेवकरामची बायको ललिताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाली. "रोख काढा. लुगड्याच्या घडीत बांधतो, मांडीवर ठेवून एसटीनं नेतो, नणंदेच्या हातात देतो. तारेनं पाठवलेला पैसा कोणी पाहिला आहे का?"

"तार नसते, आई," योगेंद्र म्हणाला.

"मग तं अजूनच वाईट."

सेवकरामनं सुनेला विचारलं, "हा कोड म्हणजे नेमकं काय असते?"

"अकरा अक्षरं असतात, मामाजी. पहिली चार म्हणजे कोणती बँक. शेवटची सहा म्हणजे त्या बँकेची कोणती शाखा. देशातल्या दोन शाखांचा कोड एक नसते."

"अन् मधातलं एक?"

"मधात शून्य. ती जागा रिकामी ठेवली आहे. पुढं काही लागलं तर."

सेवकरामला हे फार आवडलं. पंगतीत पान मांडताना त्याचा बाप एक पान जास्त मांडायचा, कोणासाठी ते विचारलं तर चिडायचा. एवढ्या मोठ्या बँकांनीही कोण्या न आलेल्या माणसासाठी मधोमध एक पाट मांडून ठेवला आहे, या विचारानं त्याला जरा झोप लागली. झोपेत नोटांची रांग तलावाच्या पाळीवरून चालत निघाली होती. पुढच्या नोटेच्या डोक्यावर गाठोडं होतं. वाटेत ती एकेकाला विचारत होती, बाप्पा, बेबीबाईचं घर कोणतं, आणि लोक वेगवेगळ्या दिशांना हात करत होते.

तो जागा झाला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

"म्हणजे कोड हा पत्ता झाला," तो म्हणाला.

"पत्ताच," रीता म्हणाली.

"मग आधी ठिकाण पाहून येऊ."

 बगळ्यानं पाय बदलला.

"बाबा, शाखा काय पाहायची असते?" योगेंद्रनं आता डोळे उघडले. "भिंती राहतात तिथं. काउंटर राहते."

"तुयी बहीण दिली तेव्हा घर पाहाले गेलो होतो की नाही? भिंतीच होत्या तिथंही. विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, शेजार पाहिला, मग हो म्हटलं. चार लाख साठ हजार कायमचे नांदाले जाऊन राहिले. न पाहता कसे देऊ?"

योगेंद्रनं रीताकडे पाहिलं. रीतानं चहाचे कप गोळा केले. मनिष मात्र खूश झाला. "या ना मामा. उद्याच या. मी आज जातो, लाखांदूरले बँकेपुढं उभा राहतो. पोहे करून ठेवतो. मॅनेजर आपल्याच ओळखीचा आहे."

"उद्या ठिकाण पाहाले जातो," सेवकराम म्हणाला. कोणतं ठिकाण, ते त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही सांगितलं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. न बोलायची होती.

कारण त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. बेबीबाईची मुलगी गुड्डी मंडईला येऊन आदल्याच संध्याकाळी सिहोऱ्याला, आपल्या सासरी परत गेली होती. जाताना तिनं करंज्यांचा डबा दिला. करंज्या संपल्यावर रीतानं डबा घासायला घेतला तर तळाशी कागद. कागदावर बेबीबाईचं अक्षर. इंग्रजी अक्षरं तिनं रांगोळी काढावी तशी काढली होती, आधी ठिपके आणि मग रेषा. खाते नंबर, त्याखाली अकरा अक्षरांचा कोड, आणि मराठीत एकच ओळ: दादा, ह्याच्यात टाकजो, शुक्रवारी अकरा वाजता मी तिथं आहो, मनिषले सांगू नको.

रीतानं संगणकात तो कोड शोधला. शाखा निघाली सिहोऱ्याची.

बेबीबाई राहायची लाखांदूरला, मुलाकडे. जिल्ह्याच्या एका टोकाला. सिहोरा दुसऱ्या टोकाला, तिच्या जावयाचं गाव. तिथं जावयाचं मोबाईलचं दुकान होतं. चिठ्ठी खरी बहिणीची, की मायलेकींमध्ये जावयानं काही लिहून घेतलं? फोन करून विचारावं तर बेबीबाईचा फोन म्हणजे मनिषचाच फोन. तो स्पीकरवर टाकायचा, आणि पलीकडून तिचा आवाज यायचा, "मनिष म्हणते तसं." हे वाक्य ती इतकं चांगलं म्हणायची की पाठ असावं.

संध्याकाळी मनिष लाखांदूरला निघून गेल्यावर तलावाच्या पाळीवर सासरा आणि सून बसले.

"मामाजी, आपण एक करू," रीता म्हणाली. "मोठी रक्कम एकदम टाकायचीच नाही. तुम्ही फॉर्म अन् चेक सही करून मले द्या. मी इथल्या बँकेत बसतो. आधी माया खात्यातून एक रुपया पाठवतो. तो आत्याजीच्या नावानं तिथं पोचला, तुम्ही डोळ्यानं पाहिला, की मग बाकीचे."

"एक रुपया पुढं पाठवायचा."

"हो."

"बरोबर आहे. आधी मध्यस्थ जाते," सेवकराम म्हणाला. "पाठवणारा एक माणूस इकडं पायजे अन् उतरवून घेणारा एक तिकडं."

शुक्रवारी सकाळी तो आणि ललिताबाई निघाले. साकोलीला गाडी बदलली, तुमसरला बदलली. तुमसरला दुसऱ्या गाडीत चढताना ललिताबाईच्या ध्यानात आलं की लाखांदूर केव्हाच पाठीमागे राहिलं आहे.

"अवो, आपण चुकलो का?"

"नाही."

"मनिषचे पोहे?"

सेवकरामनं चिठ्ठी काढून तिला दिली. ललिताबाईनं ती वाचली, घडी केली, पुन्हा उघडून वाचली. शेवटी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मले करंज्या संपल्यावरच सांगितलं असतं तं बरं झालं असतं." बाहेर धान कापलेल्या शेतांच्या बांध्या होत्या. त्यांच्यावर धुकं असं पडलं होतं की वाटावं, धानाच्या जागी या वर्षी कोणी दूध पेरलं आहे.

सिहोऱ्याची शाखा एका पिवळ्या इमारतीत होती. सेवकराम आधी बाहेरून तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग दारातल्या पहारेकऱ्याजवळ थांबला. पहारेकऱ्याचं नाव कवडू होतं आणि त्याची बंदूक त्याच्यापेक्षा वयानं मोठी दिसत होती.

"शेजार कसा आहे?" सेवकरामनं विचारलं.

"एका अंगाले पिठाची चक्की. दुसऱ्या अंगाले खताचं दुकान," कवडू म्हणाला. लोक येऊन हे विचारतात, अशाच आवाजात.

"पावसाळ्यात पाणी शिरते का?"

"एकदा शिरलं होतं. पायरी वाढवली."

"माणसं?"

"साहेब चांगले आहेत. जेवणाच्या सुट्टीले वेळेवर जाते."

ललिताबाई आत जाऊन कूलरचं पाणी पिऊन आली. "गोड आहे," ती म्हणाली, आणि लगेच आपण कोणत्या बाजूच्या आहोत हे आठवून गप्प झाली.

दोघं खुर्च्यांवर बसले. साडेदहा वाजले होते. सेवकरामनं रीताला फोन लावला. "आम्ही पोचलो. सोड तुया रुपया."

रीतानं सोडला. सेवकराम दाराकडे पाहत राहिला. रुपया दारातून येणार नाही हे त्याला कळत होतं, पण दुसरीकडे कुठे पाहावं हेही कळत नव्हतं. पंखा फिरत होता. काउंटरवर कोणीतरी शिक्के मारत होतं, धप, धप, धप, आणि दर शिक्क्याला ललिताबाई थोडी हलत होती.

फोन वाजला. "मामाजी," रीताचा आवाज, "रुपया परत आला."

"परत म्हणजे?"

"गेला अन् वापस आला माया खात्यात. कोड चुकीचा आहे म्हणते."

"तू बरोबर लिहिला?"

"चिठ्ठीवर आहे तसाच. अक्षर अन् अक्षर."

सेवकराम उठला. काउंटरशेजारी भिंतीवर एक पाटी होती, शाखेचं नाव आणि खाली कोड. त्यानं चिठ्ठी काढली आणि पाटीजवळ धरून एकेक अक्षर बोटानं जुळवलं. शेवटले सहा आकडे निराळे. ते एक वेळ समजता आलं असतं, पण पहिली चार अक्षरंही निराळी होती. म्हणजे बँकच निराळी. पाचव्या जागेचं शून्य तेवढं दोन्हीकडे होतं, आणि रिकाम्या जागेवर कोणाचा भरवसा ठेवावा असं त्याला वाटेना.

"मी म्हणलं होतं," ललिताबाई म्हणाली. तिला आनंद झाला नाही. "लुगड्यात बांधून नेऊ म्हणलं होतं."

त्याला एकदम थकवा आला. योगेंद्रचं ऐकलं असतं तर बरं होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बटन दाबलं असतं, मनिषच्या खात्यात पैसे गेले असते, सगळ्यांनी चहा घेतला असता. इथं एका पिवळ्या इमारतीत तो खोट्या पत्त्याचा कागद घेऊन उभा होता. बहिणीच्या नावावर कोणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढली होती, आणि तो तीन गाड्या करून ती पाहायला आला होता.

"रीता," तो फोनवर म्हणाला, "तो फॉर्म देऊ नको कोणाले."

"दिलाच नाही, मामाजी. हातातच धरून बसली आहो."

अकरा वाजून पाच मिनिटांनी बेबीबाई आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. कवडूनं बंदूक या हातातून त्या हातात घेऊन तिला नमस्कार केला. "या बेबीबाई. पाहुणे आले तुमचे."

"पाहिलं मी," ती म्हणाली. "दादा, वहिनी, इथं कायले बसले? इथं ऊन येते." तिनं दोघांना उठवून पंख्याखालच्या खुर्च्यांवर बसवलं. स्वतः मधोमध बसली. मग पुन्हा उठली, कूलरचं पाणी आणलं, कवडूला चहा सांगायला पाठवलं, पिशवीतून डबा काढला. डब्यात चिवडा होता. बँकेत टोकन घेऊन बसलेली माणसं पाहत राहिली. तिनं त्यांच्याही हातावर चिवडा ठेवला.

सेवकरामनं बहिणीला इतकी पुढे होऊन काही करताना कधी पाहिलं नव्हतं. दाराजवळ बसणारी बाई ही नव्हे, असं त्याला वाटलं. पण कानामागचा तीळ तोच होता.

"बेबी," तो म्हणाला, "ही चिठ्ठी तुयी आहे?"

"मग कोणाची?"

"कोड खोटा आहे. रुपया वापस आला."

बेबीबाईनं चिवड्याचं झाकण लावलं. चेहरा उतरला, पण ती रडली नाही. कागद घेऊन सरळ काउंटरवर गेली. "गोपीचंद साहेब, हे पाहा जरा. माया दादाचा रुपया परतला."

गोपीचंद साहेबांनी शिक्का खाली ठेवला, चिठ्ठी पाहिली, पाटीकडे पाहिलं. "मावशी, हा जुन्या पासबुकावरून काढला का?"

"पहिल्या पानावर होता तोच."

"बदलला ना तो. मागच्या साली आपली बँक मोठ्या बँकेत गेली. खाते नंबर तोच राहिला, कोड नवा आला. नवीन पासबुक दिलं होतं मी तुम्हाले."

"ते गुड्डीच्या कपाटात आहे. नवं आहे म्हणून वापरलं नाही."

"म्हणजे बँकेचं लग्न झालं," ललिताबाई म्हणाली. "नाव बदललं, आडनाव बदललं."

गोपीचंद साहेबांनी यावर विचार केला. "तसंच म्हणा. अन् आजोबा, तुम्ही चांगलं केलं एक रुपया आधी टाकला. कोड नेहमी चालू पासबुकावरून नाही तं बँकेलेच विचारून घ्यावा. कोणी मोबाईलवर पाठवला तरी एकदा जुळवून पाहावा."

"आम्ही ठिकाणच पाहाले आलो," सेवकराम म्हणाला.

"तेही चांगलंच केलं," गोपीचंद साहेब म्हणाले, जरा वेळानं.

सेवकरामनं पाटीपुढे उभं राहून नवा कोड फोनवर वाचला. रीतानं पलीकडून तो परत वाचून दाखवला, मग सानगडीच्या बँकेतल्या माणसाकडून जुळवून घेतला, मग पुन्हा वाचला. इतक्या वेळा वाचला की शेवटी ललिताबाईलाही पाठ झाला आणि तिनं मधोमध "अन् शून्य" अशी साथ दिली.

रुपया निघाला.

"यायले वेळ लागते," बेबीबाई म्हणाली आणि शेजारी बसली. "दादा, तुले वाटलं असेल, सिहोरा काहून."

"वाटलं."

"लाखांदूरले बँकेत दोनशे काढले तरी सांजच्याले भात वाढता वाढता सून विचारते, आज बँकेत गेल्या होत्या का. पाचशे ठेवले तरी विचारते. मनिष वाईट नाही. औषध आणते, लुगडं आणते, रंगही बरा आणते. पण त्या घरात मायं असं काहीच नाही जे त्याले ठाऊक नाही. मले एक जागा पायजे होती जिथं मी कोणाची आई नाही. सहा वर्षं झाली. गुड्डीकडं जातो म्हणून येतो, अर्धा दिवस इथं बसतो. टाकाले काही नसलं तरी बसतो."

"अन् करता काय?" ललिताबाईनं विचारलं.

"काही नाही. पंखा आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "इथं नंबर आला की मायं नाव घेऊन बोलावतात, वहिनी. पूर्ण नाव."

 ललिताबाईनं नणंदेच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला, तिचे हात मोकळे व्हावे म्हणून.

पिशवीत काहीतरी वाजलं. बेबीबाईनं बटनांचा लहानसा फोन काढला. हा फोन गुड्डीकडेच राहायचा, सिहोऱ्याबाहेर त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला. "एक रुपया. रीताच्या नावानं. आला."

कवडूनं दारातून विचारलं, "आला का?" टोकन घेऊन बसलेल्या एका बाईनं शेजारणीला सांगितलं, "आला म्हणते."

तेवढ्यात सेवकरामचा फोन वाजला. मनिष.

"मामा, पावणेबारा झाले. पोहे दोनदा गरम केले. कुठं पोचले?"

सेवकराम गप्प राहिला. ही त्याची सवय होती आणि ती त्याला आयुष्यभर पुरली होती. आता ती पुरत नव्हती. फोनमधून लाखांदूरच्या रस्त्याचा आवाज येत होता. बेबीबाईनं हात पुढे केला. त्यानं फोन तिच्या हातात ठेवला.

"मनिष, मी बोलून राहिली."

"आई? तू तं गुड्डीकडं होती."

"तिथंच आलती. आता बँकेत आहो."

"कोणत्या बँकेत?"

"माया."

 गोपीचंद साहेबांनी शिक्का उचलला होता, तो तसाच वर धरून ठेवला.

"सहा सालांपासून आहे," बेबीबाई म्हणाली. "मामाचे पैसे इथं येऊन राहिले. तुले लागले तं मले माग. मी देईन, नाही तं नाही देणार. पण मागजो." मग आवाज जरा नरम झाला. "पोहे तुम्ही खाऊन घ्या. मी येतो सांजच्याले. भात तीन माणसांचा जास्त लावा."

तिनं फोन बंद केला आणि चुकून कपाळाला लावला.  "बसमध्ये येताना नेहमी पाठ करत होती मी हे," ती म्हणाली. "लय लंबं होतं. निम्मं राहूनच गेलं."

"निम्मं तोंडावर बोलजो," ललिताबाई म्हणाली. "आम्ही येतो संगं."

फोन पुन्हा वाजला. सानगडीची बँक होती. रीतानं फॉर्म दिला होता.

"काका, रक्कम मोठी आहे म्हणून विचारून राहिलो. चार लाख साठ हजार, बेबीबाई, सिहोरा शाखा. तुम्हीच पाठवून राहिले ना? कोणी जबरदस्ती नाही? फोनवर कोणी ओटीपी वगैरे मागितला नाही?"

"नाही."

"ज्यांना पाठवता, ओळखता ना त्यांले?"

सेवकरामनं बहिणीकडे पाहिलं. ती पंख्याखाली मधल्या खुर्चीवर बसली होती.

"आज ओळख झाली," तो म्हणाला.

"काका, तसं चालत नाही."

"ओळखतो. बहीण आहे. पाठवा."

मग रीता फोनवर आली. "झालं मामाजी, पावती घेतली. अन् हे आले होते इथं. मनिष भाऊजीनं फोन केला म्हणून थांबवाले आले."

"मग?"

"हार्वेस्टरचं बोलून राहिले होते. बोलता बोलता बाकावर झोपले. मंडईची झोप आहे. उठवू का?"

"झोपू दे," सेवकराम म्हणाला.

तुमसरची गाडी दीडला मिळाली, आणि तुमसरहून पुढची अडीचला. कंडक्टरनं तिघांकडे पाहून तीन अर्धी तिकिटं फाडली. दोन बाया म्हणून अर्ध्या, एक म्हातारा म्हणून अर्धा. म्हणजे एसटीच्या हिशेबानं लाखांदूरला मनिषशी बोलायला दीड माणूस चालला होता. खिडकीजवळ बेबीबाई, मधे ललिताबाई, काठावर सेवकराम. बाहेरच्या बोड्यांमध्ये, त्या लहान तळ्यांमध्ये, आकाश खाली उतरून बसलं होतं आणि गाडी त्याच्या काठाकाठानं जात होती.  ललिताबाईचे डोळे मिटत होते. सेवकरामला क्षणभर वाटलं, गाडी जागेवरच उभी आहे आणि लाखांदूरच हळूहळू आपल्याकडे येऊन राहिलं आहे, ताटं मांडून, रागावून.

बेबीबाईच्या पिशवीत फोन एकदाच वाजला, मेसेज आल्यासारखा. लहान फोन. आज तिनं तो गुड्डीकडे ठेवला नव्हता.

सेवकराम सरळ बसला. ललिताबाईनं डोळे उघडले. बेबीबाईनं पिशवीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"पाहत नाही का?" सेवकरामनं विचारलं.

"पाहू," ती म्हणाली. "दुरून आला आहे. आल्याआल्या काय विचारायचं. बसू दे जरा."